बारावीतला एक ‘सी’

ख्रिसमसची सुट्टी संपत आली होती, तेव्हा शाळेच्या पोर्टलवर पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड लागल्या. एपी, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या कॅल्क्युलसमध्ये सी, एपी फिजिक्समध्ये बी. तोवर लेकीच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे नववीपासूनच्या गुणपत्रकावर, नववीतला एक बी सोडला तर सगळे ए होते. ती खोलीतून बाहेरच येईना. मी ओट्याशी उभी राहून फोनवर ते पान पुन्हा पुन्हा उघडत होते, मधल्या मध्ये कुणीतरी दुरुस्त करणार असल्यासारखी.

कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. ऑक्टोबरात साताऱ्याला माझे सासरे गेले. आम्ही तिघंही धावलो आणि तेरावं उरकून तीन आठवड्यांनी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला परतलो. आल्या आल्या तिच्यापुढे साचलेला गृहपाठ, बुडालेल्या परीक्षा आणि कॉलेजचे अर्ज, सगळं एकदम उभं राहिलं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एकाच अर्जात साडेतीनशे शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची असतात. लेक ती उत्तरं नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत रात्री घासत बसायची आणि कॅल्क्युलस सकाळी गाडीत. म्हणजे कॉलेजात जाण्यासाठी केलेल्या धडपडीनेच ग्रेड खाली ओढली. हे मला आता कळतं. तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, ‘‘अगं, नेमकी बारावीतच माती खाल्लीस!’’

माझं बारावीचं गणित साताऱ्याचं. अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, आणि बारावीचा मार्चमधला बोर्डाचा पेपर म्हणजे सगळं आयुष्य. जे काही पडतील ते टक्के, त्यावर प्रवेश. तेच गणित मी कॅलिफोर्नियाला लावत होते.

शाळेच्या काउन्सेलर बाईंनी वीस मिनिटं दिली आणि तेवढ्यात ते गणित उलटंपालटं केलं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जो जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, मोजते, तो नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ग्रेडचा. बारावीचे गुण त्यात धरतच नाहीत. अर्जात बारावीचे विषय फक्त ‘चालू’ म्हणून लिहायचे. मी खुर्चीत जरा सैल बसले. तर बाई म्हणाल्या, थांबा. मिळणारा प्रवेश हा तात्पुरता असतो. जुलैत शेवटची ट्रान्सक्रिप्ट जाते आणि तिथे एखादा डी किंवा एफ दिसला, तर दिलेली जागा काढून घेतली जाऊ शकते. म्हणजे जे वर्ष मोजलं जात नाही, त्याच वर्षावर सगळं अडू शकतं. साताऱ्याला हे कुणाला समजावून सांगू?

लेकीने तिथेच विचारलं, ‘‘मग मी फिजिक्स सोडून देऊ का? कॅल्क्युलसला वेळ मिळेल.’’ मला ते पटलंही होतं. बाईंनी साफ नाही म्हटलं. अर्जात जे विषय दाखवले त्यातला एकही सोडला, तर ते विद्यापीठाला स्वतःहून कळवावं लागतं, आणि वर्षाच्या मध्यात अवघड विषय टाकून दिलेला कुणालाच आवडत नाही.

खासगी कॉलेजांचा मामला वेगळा होता. कॉमन अ‍ॅपवरून, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच सामायिक अर्जावरून, अर्ज केलेल्या कॉलेजांना शाळाच अर्ध्या वर्षाच्या ग्रेडचा मिड-इयर रिपोर्ट पाठवते, तो आपल्या हातात नसतो. त्यातल्या एका कॉलेजने तिचा अर्ली अ‍ॅक्शनचा, म्हणजे लवकर निकाल मिळावा म्हणून आधीच केलेला, अर्ज डिसेंबरात पुढे ढकलला होता. ना होकार, ना नकार. आता त्यांच्यासमोर तो सी जाणारच होता. बाई म्हणाल्या, लपवू नका, पाच-सहा ओळी लिहा. काय झालं, आता काय करते आहे, बस. रडगाणं नको.

त्या पाच-सहा ओळींचा पहिला खर्डा मी लिहिला. पानभर झाला. आजोबांनी तिला लहानपणी पाढे कसे शिकवले, इथपासून सुरुवात. तिने वाचला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि सगळं खोडलं. ‘‘आई, हे त्यांना नको आहे. आणि हे माझं आहे.’’ मग तिने लिहिलं की घरातल्या मृत्यूमुळे तीन आठवडे शाळा बुडाली, दर मंगळवारी-गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कॅल्क्युलसच्या सरांकडे बसते आहे, आणि नव्या सेमिस्टरच्या पहिल्या परीक्षेत बी प्लस आहे. संपलं. ते माझ्या पानभर मजकुरापेक्षा शंभरपट चांगलं होतं, आणि मला त्याचा थोडा रागही आला.

मार्चमध्ये निकाल आले. त्या खासगी कॉलेजचा नकार. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या दोन कॅम्पसमध्ये वेटलिस्ट, एका ठिकाणी नकार, एका ठिकाणी प्रवेश. माझ्या नवऱ्याचं आजही ठाम मत आहे की खासगी कॉलेजात सीने घात केला. मला तसं वाटत नाही. डिसेंबरात सगळे ए दिसत असतानाही त्यांनी हो म्हटलं नव्हतं. सीने फार तर त्यांचं काम सोपं केलं असेल.

खरी भीती पुढे होती. एक मेच्या मुदतीआधीच तिने होकार कळवला, कॅम्पसचं नाव छापलेला हुडी आला, आणि अभ्यास जो सुटला तो सुटलाच. इथे याला सीनियरायटिस म्हणतात आणि हसण्यावारी नेतात. एप्रिलच्या शेवटी फिजिक्सच्या प्रोग्रेस रिपोर्टवर डी आला. प्रोग्रेस रिपोर्ट ट्रान्सक्रिप्टवर जात नाही, जाते ती सेमिस्टरची शेवटची ग्रेड, हे मला आता पाठ झालं होतं. तरी पोटात गोळा आलाच. त्या रात्री तिला बसवून प्रवेशाच्या अटी मोठ्याने वाचायला लावल्या: बारावीत किमान 3.0 जीपीए, म्हणजे सरासरी बी, एकाही विषयात सीच्या खाली नाही, शेवटची ट्रान्सक्रिप्ट 1 जुलैपर्यंत. ती म्हणाली, असं कुणाचं खरंच रद्द करत नाहीत गं. मी तिला याच युनिव्हर्सिटीच्या अर्व्हाइन कॅम्पसची 2017ची बातमी काढून दाखवली. तिथल्या कॅम्पसने वर्ग भरायला दोन महिने राहिलेले असताना जवळपास पाचशे मुलांचे प्रवेश रद्द केले होते. काहींचे कागद वेळेत पोचले नव्हते, काहींच्या शेवटच्या ग्रेड घसरल्या होत्या. ओरड झाल्यावर अनेकांना परत घेतलं, पण त्या मुलांचे मधले दिवस कसे गेले असतील? ती गप्प झाली. हुडी कपाटात गेला.

मे महिना वाईट गेला, सविस्तर सांगत नाही. शेवटी फिजिक्समध्ये सी प्लस आला, कॅल्क्युलसमध्ये बी. बाकी विषयांनी जीपीए सांभाळून घेतला. शाळेने ट्रान्सक्रिप्ट जूनमध्येच पाठवली, तरी ती पोचल्याची नोंद कॅम्पसच्या पोर्टलवर दिसेपर्यंत आम्ही दोघी रोज सकाळी चहाआधी ते उघडत होतो.

नोंद दिसली त्या दिवशी साताऱ्याला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नातीला विचारलं, ‘‘ते सगळं ठीक आहे गं, पण टक्के किती पडले?’’ लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ‘‘पास झाले, आजी,’’ ती म्हणाली.