तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी रोज घेते, तरी टीएसएच वाढला कसा?

नाशिकच्या इंदिरानगरला माझं मेडिकल आहे, आणि मला स्वतःलाही बरीच वर्षं हायपोथायरॉइड आहे, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावलंय. टीएसएच हा त्याच्या रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइडचं काम कमी पडलं की तो वाढतो. या दोन्ही गोष्टी माहीत असलेली गिऱ्हाइकं चिठ्ठी पुढे करता करता विचारतात, "ताई, गोळी एक दिवससुद्धा चुकवत नाही. मागच्या वेळी टीएसएच ३ होता, आता ९ आलाय. डॉक्टरांकडे जायला वेळच नाही, ५०च्या जागी ७५ची गोळी देऊन टाका ना." विचारणाऱ्या बहुतेक बायकाच. पुरुषांपैकी काही जण "मिसेससाठी विचारतोय" म्हणतात आणि चिठ्ठीवर नाव त्यांचंच असतं.

७५ मी देत नाही, ती डॉक्टरांनी लिहून द्यायची. पण नुसतं नाही म्हणून परत पाठवतही नाही. उलट विचारते, गोळी किती वाजता घेता, आणि पहिला चहा किती वाजता?

"गोळी आणि चहा एकदमच. चहाबरोबरच तर लक्षात राहते ना!" हे उत्तर मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता नवल वाटत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सातच्या पाळीला जाणारा माणूस साडेपाचला उठतो, पावणेसहाला चहा घेतो आणि निघतो. घरातल्या बाईला तर पाणी, डबे, मुलांची रिक्षा. रिकाम्या पोटी गोळी, वर अर्धा ते एक तास काही नाही, हा नियम चिठ्ठीवर एका ओळीत मावतो. सकाळच्या घाईत तो बसत नाही.

आता हे एवढं का ताणायचं, ते सांगते. ही गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आपली ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते तेच, फक्त कारखान्यात तयार केलेलं. लोक "५० एमजी" म्हणतात, पण त्यात असतात ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. तापाच्या ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलमध्ये औषध याच्या दहा हजारपट असतं. इतकं थोडं औषध आतड्यातून रक्तात जायचं, आणि वाटेत दूध, कॉफी, सोया, नाचणीची खीर काहीही भेटलं की त्यातला काही भाग रक्तात न जाताच पुढे सरकतो. रोज थोडं थोडं कमी पोचतं. म्हणजे चिठ्ठीवर ५० असली तरी अंगाला ४०च लागते, असं काहीतरी होऊन बसतं.

आणि टीएसएच हा आकडा फार तापट. तो थायरॉइड ग्रंथीचा नाहीच, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते. रक्तातलं थायरॉक्सिन जरासं घटलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी उसळतो. म्हणून ३चा ९ झाला याचा अर्थ आजार तिप्पट वाढला असा होत नाही. औषध किंचित कमी पोचलं, एवढ्यानेही ते होऊ शकतं. अशा वेळी सवय तशीच ठेवून डोस वाढवला आणि पुढे कोणीतरी सांगितलं म्हणून चहा लांबवला, तर तीच ७५ जास्त होते. मग छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडालेली, आणि पुन्हा काउंटरवर तोच प्रश्न उलट्या बाजूने.

चहाएवढाच दुसरा घोळ गोळ्यांच्या गर्दीचा. हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम लिहिलेलं असतं, बायकांच्या डॉक्टरांनी लोहाची गोळी, कोणीतरी ॲसिडिटीची, आणि प्रत्येक चिठ्ठीवर "सकाळी १". घरी आल्यावर सगळ्या एका डबीत जातात आणि एका घोटात पोटात. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला पोटातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि या गोळीत निदान ४ तासांचं अंतर हवं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोह संध्याकाळी सुचवते, आणि पाकिटावर पेनने तसं लिहूनच देते. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीचं मात्र वेगळं आहे. ती पोटातलं आम्लच कमी करते, आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. त्यामुळे वेळा मागेपुढे करून फारसा उपयोग नाही. ती रोजची सुरू झाली किंवा बंद झाली, तर ते डॉक्टरांना सांगायचं आणि दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासायचा.

दीड-दोन महिनेच का, हेही सगळे विचारतात. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. गंगापूर धरणातून एक दिवस पाणी कमी-जास्त सोडलं म्हणून पातळी हललेली दिसत नाही, तसंच हे. नवा डोस स्थिरावायला ५-६ आठवडे जातात, म्हणून तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी. पंधरा दिवसांत केलेला रिपोर्ट तुम्हाला नुसता घाबरवतो. एखादी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या, जीव टांगणीला लावू नका. पण महिनाभर धरसोड करायची आणि रिपोर्टच्या आधीचे आठ दिवस नियम पाळायचे, हे लपत नाही. अशा रिपोर्टमध्ये टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, चांगला भरलेला दिसतो आणि टीएसएच तरीही वरच. अनुभवी डॉक्टर तो कागद पाहून हसतात.

चहा सोडवत नसेल तर रात्रीचा पर्याय आहे, आणि तो मागच्या दाराचा नाही. २०१० साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीत झोपताना घेतलेल्या गोळीने टीएसएच सकाळच्या गोळीपेक्षा चांगला खाली आला होता. अट एकच, जेवण आणि गोळी यांत निदान ३ तास जायला हवेत, आणि नंतर हळद-दूध नाही. आठला जेवून अकराला झोपणाऱ्या घरांत हे छान जमतं. माझं दुकान दहाला बंद होतं, जेवण त्याच्यानंतर, त्यामुळे मला सकाळच बरी. पहाटे जाग आली की अंथरुणातच गोळी, मग फिरायला कृषीनगरचा ट्रॅक, आणि परत आल्यावर निवांत चहा. रविवारी मिसळीचा बेत असला तरी तोवर तास उलटून गेलेला असतो. उपवासाचं विचाराल तर औषधाने उपवास मोडत नाही, आणि नवरात्रात पोट तसंही रिकामंच असतं. फक्त सकाळी उठल्याउठल्या दूध घेऊन उपवास सुरू करणाऱ्यांनी क्रम पाहावा.

कंपनी बदलली तरी आकडा हलू शकतो. माल नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची बाटली पुढे करणं या औषधात मला पटत नाही. बदलावीच लागली तर गिऱ्हाइकाला सांगते, आणि पुढची तपासणी केव्हा तेही. बाटली ओट्यावर गॅसशेजारी किंवा बाथरूमच्या कपाटात ठेवू नका, उष्णता आणि ओल दोन्ही हिला मानवत नाहीत.

केसांच्या गोळ्यांविषयी मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे रिपोर्टच खोटा येतो. थायरॉइडने केस गळतात. केस गळतात म्हणून बाई बायोटिन हे जीवनसत्त्व घेते, हल्ली रंगीत गोळ्या-जेलीच्या रूपात सर्रास मिळतं. ते जास्त मात्रेत रक्तात असेल तर काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि टी-फोर खोटाच जास्त. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. म्हणजे रिपोर्ट म्हणणार डोस जास्त झालाय, डॉक्टर तो कमी करणार, केस आणखी गळणार, आणि बायोटिनची दुसरी बाटली येणार! रक्त द्यायच्या निदान २ दिवस आधी ते बंद ठेवा, आणि घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

लक्षणांबद्दल लोक कमी विचारतात, आकड्याबद्दल जास्त. मला वाटतं उलट असायला हवं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, नाशकातही सगळेच स्वेटरमध्ये, त्यामुळे थंडी वाजते ही तक्रार कोणाला वेगळी वाटत नाही. एप्रिलमध्ये घरातले सगळे पंखा वाढवतात आणि एकटीच बाई तो बंद करा म्हणते, तेव्हा लक्ष द्यावं. माझं तसंच होतं. जोडीला बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, जड झालेला आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव, आणि दुपारी हिशेब करताना डोकं धुक्यात गेल्यासारखं. गोळी लागू पडली की यातलं सगळं एकदम जात नाही. मरगळ काही आठवड्यांत कमी होते, कातडी आणि केस मात्र महिनोन् महिने घेतात. तेवढ्यात "काही फरक नाही" म्हणून डोसशी खेळणारे बरेच.

वजनाचं आता स्पष्टच बोलते. हायपोथायरॉइडने वाढणारं वजन बहुधा दोन-चार किलोंचं, तेही बरंचसं अंगात साठलेल्या पाण्या-मिठाचं. त्यापलीकडचे पंधरा किलो थायरॉइडच्या नावावर घालून डोस वाढवून मागणं म्हणजे हृदयाला आणि हाडांना विनाकारण त्रास. तसंच टीएसएच सहा महिने जागेवर आहे आणि तरी थकवा जात नाही, तर हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, झोप, घोरणं, मन, हे सगळं तपासा. थायरॉइडच्या गोळीला प्रत्येक थकव्याचं उत्तर मागू नका.

गोळी आयुष्यभर का, याला मी थोडक्यात उत्तर देते. आयोडिनयुक्त मीठ खाणाऱ्या समाजात हायपोथायरॉइडचं सगळ्यात मोठं कारण हाशिमोटोचा आजार, म्हणजे शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर चालवलेला हल्ला. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने तो १९१२ साली मांडला. ग्रंथी हळूहळू निकामी होते आणि गोळी तिच्या जागी काम करते. टीएसएच नॉर्मल आला तो गोळीमुळे आला, म्हणून गोळी बंद करण्यात अर्थ नाही. बाळंतपणानंतर उद्भवलेला थायरॉइड मात्र पुष्कळदा वर्षभरात निवळतो, तिथे डॉक्टर स्वतःच गोळी कमी करून पाहतात. काढे आणि सैंधव यांनी मेलेली ग्रंथी उठत नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा, पंचवटीच्या बाजारातून भाजी आणताना एवढी भीती नको.

सासूबाईंसाठी किंवा वडिलांसाठी विचारणाऱ्यांना वेगळं सांगावं लागतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा टीएसएच ६-७ आला आणि टी-फोर नॉर्मल असेल, तर पुष्कळ डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. ६५ वर्षांपुढच्या अशा लोकांवर केलेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले, त्यात गोळीने लक्षणांमध्ये फरक पडला नव्हता. उलट या वयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. म्हणून सुरुवात करायचीच तर १२.५ किंवा २५ने, आणि सावकाश. मुलीला १०० चालते म्हणून आईला तीच अर्धी तोडून देणारी घरं मी पाहिली आहेत.

तर ९ आलेल्या त्या रिपोर्टचं काय करायचं? डॉक्टरांना फोन करून आकडा सांगा, आणि गोळी खरोखर कशी घेता तेही लाज न बाळगता सांगा. सहसा ते म्हणतील, दीड-दोन महिने वेळ आणि अंतर नीट पाळा, मग पुन्हा तपासू. ती तपासणी त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच सुमारास करा, कारण टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. रक्त दिल्यावरच त्या दिवशीची गोळी घ्या. सगळं पाळूनही ९च आला, तर ७५ची चिठ्ठी घेऊन या, मी आनंदाने देईन. वय आणि वजन बदलतं, ग्रंथी आणखी थकते, तसा डोस वाढतोही, त्यात काही गैर नाही.

दोन प्रसंगी मात्र वाट पाहत थांबायचं नाही. पाळी चुकली आणि दिवस गेल्याची शंका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गर्भारपणात गरज पावपट ते निमपट वाढते, तीही अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच, जेव्हा बाळाची स्वतःची ग्रंथी अजून कामाला लागलेली नसते. आणि आकडा ९ नसून ४०-५० असेल, चेहरा सुजलेला, नाडी मंद, माणूस सुस्त असेल, तर माझ्या काउंटरवर वेळ घालवू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.