न दिसणारा घाम

गेल्या मे महिन्यात वर्ध्याजवळच्या एका गावी नात्यातल्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. मुहूर्त दुपारचा होता, मांडवाला लागून पत्र्याची शेड होती आणि एवढ्या पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह एकच होते. माझी आई 68 वर्षांची आहे. "सारखं उठावं लागतं, म्हणून मी पाणीच घेतलं नाही," हे तिने मला संध्याकाळी सांगितले. तोवर परतीच्या एसटीत तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, डोके ठणकत होते आणि नागपूर येईपर्यंत दोनदा उलटी झाली होती. दिवसभर ती सावलीत बसलेली होती आणि तिच्या अंगावर घामाचा थेंबही आम्हाला दिसला नव्हता. त्यामुळे हा उन्हाचाच त्रास आहे हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला आणि त्याची खंत मला आजही वाटते. डॉक्टरांनी सलाईन लावले आणि दुसऱ्या दिवशी ती सावरली.

घाम दिसला नाही, याचा अर्थ तो आला नाही असा नव्हे. विदर्भातली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर येताच वाळून जातो. माठातले पाणी गार होते, कूलरच्या ताट्यांतून येणारी हवा गार लागते आणि घामाने शरीर थंड राहते, या तिन्हींमागे पाण्याचे बाष्पीभवन हे एकच कारण आहे. एक लिटर घाम त्वचेवरच पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा जास्त झाले की शरीरापाशी उष्णता बाहेर टाकण्याचा हा एकच मार्ग उरतो आणि त्यासाठी आतले पाणी व मीठ खर्ची पडत राहते.

मुंबई आणि कोकणात याच्या उलट घडते. तिथे पारा चाळिशीच्या खाली असतो, पण हवा दमट असल्यामुळे घाम अंगावरून नुसता ओघळतो, वाळत नाही आणि म्हणून गारवाही देत नाही. नवी मुंबईतल्या खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर 14 जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. नागपूरकरांना किरकोळ वाटणारे तापमानही दमट हवेत जीव घेऊ शकते, हे त्या दिवसापासून मी कधी विसरले नाही.

तहान लागल्यावर पाणी पिऊ, हा हिशेब उन्हाळ्यात चालत नाही, कारण तहान उशिरा लागते आणि वय वाढत जाते तशी तिची जाणीवही मंदावते. आमच्या घरी आता तहानेची वाट न पाहता घड्याळ पाहून पाणी दिले जाते. लघवीचा रंग गडद पिवळा झाला की पाणी कमी पडले असे समजावे, ही साधी खूण आईलाही पटली आहे. मात्र मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे. आई रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेते, म्हणून आम्हीही ते विचारून घेतले.

घामातून मीठही जात असल्याने नुसते पाणी नेहमी पुरत नाही. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र असले की पाणी लवकर शोषले जाते, हेच ओआरएसमागचे तत्त्व आहे. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले होते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे, आणि चमचा चहाचा घ्यावा. गोड फळपेयांच्या खोक्यांवर ओआरएस असे छापून ती विकली जात, त्याला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, हे फार चांगले झाले, कारण अतिगोड पेय पोटात गेले की जुलाब उलट वाढू शकतात. भाजलेल्या कैरीचे पातळ, चवीपुरते मीठ घातलेले पन्हे, ज्वारीची आंबील आणि मठ्ठा यांच्यावर माझा भरवसा आहे, आणि तो केवळ आजीच्या मायेपोटी नाही. खिशात कांदा बाळगण्याची आपल्याकडची रीत मात्र माझ्या मते सोडून द्यावी, कारण कांदा जवळ आहे या धीरावर माणसे पाण्याशिवाय बाहेर पडतात.

उन्हापासून बचाव करण्याची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे, कारण उष्णतेची वेळ आणि अतिनील किरणांची वेळ एक नसते. पारा दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत वर असतो, तर किरण सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे बाराच्या आसपास, सर्वांत तीव्र असतात. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे मानले जाणारे नऊ दिवस, सुरू होतो. नागपूरचा शून्य सावलीचा दिवसही त्याच आठवड्यात येतो, आणि त्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळण्याची इथली सवय उत्तम आहे, पण दुपट्टा उजेडापुढे धरून पाहावा. त्यातून उजेड आरपार दिसत असेल तर किरणेही पुष्कळशी आत जातात. सनस्क्रीनचा एसपीएफ 30 असो वा 50, त्वचा भाजणारी अनुक्रमे सुमारे 97 आणि 98 टक्के किरणे ते अडवते, त्यामुळे आकड्यापेक्षा मात्रा महत्त्वाची. चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे घ्यावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत असायलाच हवी. गोळे येणे, चक्कर आणि मळमळ इथवर माणूस सावलीत, घोट घोट पाण्याने सावरू शकतो. पण तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजून 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. मान, काखा आणि जांघांत बर्फ किंवा ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये आणि तापाच्या गोळीत वेळ दवडू नये, कारण हा ताप त्या गोळीने उतरत नाही.

यंदा एप्रिलमध्ये त्याच नात्यात आणखी एक लग्न होते. पत्रिका हाती आल्यावर मी फोन करून सर्वांत आधी बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय काय आहे ते विचारले. वरमाईने जराही राग न मानता शेजारच्या दोन घरांची न्हाणीघरे त्या दिवसापुरती मागून घेतली आणि मांडवाच्या दोन्ही टोकांना माठ ठेवले. आईने त्या दिवशी तीन वेळा तांब्या भरून घेतला.