तुम्ही विचारलंत म्हणून: फणसाची चौकट का काढली?

पडवीत आलेला प्रत्येक पाहुणा चहा येण्याआधीच विचारतो की, आजोबांच्या वेळची फणसाची चौकट काढून ही काळी ग्रॅनाइटची चौकट का बसवली.

वाळवीमुळे, असे मी सांगतो आणि ते खोटे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले, त्यात पडवीचे छप्पर गेले, आणि ते पुन्हा घालेपर्यंत पश्चिमेचा पाऊस थेट दारावर आपटत राहिला. भिंतीचा जांभा दगड पाणी धरून ठेवतो. चौकटीचे पाय त्या ओलीतच होते. सुताराने टेकवलेली पटाशी मुठीपर्यंत आत गेली. मात्र तोच सुतार म्हणाला होता, "वीतभर कापून सागाचा जोड देतो, वरचं लाकूड खणखणीत आहे." मी ऐकले नाही. ठिगळ लावलेले दार मला नको होते.

माप मीच घेतले, तेही केवळ वरच्या बाजूचे. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजावी, उंची दोन्ही अंगांनी घ्यावी, कर्ण ताडून पाहावेत, हे तेव्हा कुणी सांगितले नाही. खरे तर मी कुणाला विचारलेच नाही. जुनी चौकट निघाल्यावर गवंड्याने ओळंबा सोडला, तेव्हा डावीकडची भिंत तळाशी दीड इंच आत आलेली दिसली. नवी चौकट बसेना. चिरा तासताना मधोमध फुटला, वरच्या तुळईला टेकू द्यावा लागला, आणि मे महिन्याच्या अखेरीस, वळीव गडगडत असताना, घर दोन रात्री ताडपत्रीवर राहिले. आई दोन्ही रात्री ओटीवर त्या भगदाडाकडे तोंड करून बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एवढेच विचारले, "उंबरठा कुठे ठेवलास?" तो गड्याने न्हाणीच्या चुलीसाठी फोडला होता. उरलेला तुकडा मी हातात घेतला, तर टोके पोखरलेली होती, पण मधला गाभा हळदीसारखा पिवळा आणि घट्ट होता.

जुने दार पावसाळ्यात फुगायचे, खांदा लावल्याशिवाय मिटत नसे. नवे एका बोटाने मिटते, हे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मी चुकलो, असे मला अजूनही सरसकट म्हणवत नाही.

जुन्या चौकटीच्या माथ्यावरची, गणपती कोरलेली गणेशपट्टी तेवढी माळ्यावर आहे. ती दाराच्या वर चिऱ्यात बसवून देतो, असे सुतार दोनदा म्हणाला. मी त्याला अजून बोलावलेले नाही.