दादू गच्चीवर जाईना, तेव्हा

संध्याकाळी विमानाचा आवाज आला की आमचा दादू हातातलं टाकून जिन्याकडे पळायचा. नागपुरातला सोनेगावचा विमानतळ घरापासून जवळ आहे. उतरणारं विमान गच्चीवरून चाकांसकट दिसतं. तीन वर्षं हा नेम कधी चुकला नव्हता. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आवाज आला, त्याने मान वर केली आणि तो चटईवर तसाच पडून राहिला.

मी बायकोला म्हटलं, "विमानांची आवड संपली वाटतं याची."

हे वाक्य मला आजही टोचतं.

दादू सात वर्षांचा आहे. धाकटी बहीण त्याला दादू म्हणते, म्हणून इथेही तेच नाव. अडीच वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं कळलं. दहा-बारा शब्द बोलतो. पाणी, विमान, बंद, आजी. 'दुखतं' हा शब्द त्यात नाही. शरीराच्या आत काय होतंय हे या मुलांना आपल्यासारखं उमगेलच असं नाही, आणि उमगलं तरी बोट ठेवून दाखवता येत नाही.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एकेक गोष्ट दिसत गेली आणि प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं. ब्रशवर रक्त दिसलं. आम्ही म्हटलं, ब्रश करताना झटापट होते, लागलं असेल. नडगीवर बारीक लाल ठिपके आले. म्हटलं, डास. दोन्ही गुडघे बाहेर टाकून बेडकासारखा पडून राहायला लागला. म्हटलं, नवीन सवय, जाईल महिनाभरात. पँट घालताना किंचाळायचा. म्हटलं, कापड टोचत असेल, त्याला शिवणी सहन होतच नाहीत. पाच वर्षांत आम्ही ऑटिझमबद्दल इतकं वाचलं, ऐकलं, शिकलो होतो की लेकराचा पाय दुखत असेल हे साधं कारण मनात आलंच नाही.

ते माझ्या आईच्या लक्षात आलं. ती मूळची काटोलकडची, शाळा चौथीपर्यंत. रोज रात्री नातवाच्या पायांना तेल लावते. एका रात्री तेलाची वाटी तशीच घेऊन माझ्याकडे आली.

"बाबू, तेल लावलं का हा पोट्टा हासते. चार दिवसांपासून हात लावू नाही देऊन राहिला. त्याचे पाय दुखून राहिले रे. नखरे नाही हे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी फाइलवर 'ऑटिझम' वाचलं, दादूला माझ्या कडेवर पाहिलं आणि सांगितलं की या मुलांमध्ये असं चालतंच, लक्ष वेधायला करतात. पँट गुडघ्याच्या वर घेऊन पाहिलीसुद्धा नाही. कॅल्शियमचं औषध घेऊन आम्ही परत आलो. आठवड्याभरात त्याने पाऊल टेकवणं सोडलं. शाळेत, थेरपीला, संडासला, सगळीकडे कडेवर. बावीस किलोचं पोर.

मग मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. चार माणसांनी धरून. त्याचे हेडफोन त्या गडबडीत पडले आणि तो रडायचा थांबून नुसता थरथरत राहिला, ते मी विसरणार नाही. हिमोग्लोबिन खूप खाली. हाडं दुखतात, हिरड्या सुजल्यात, रक्त कमी, त्वचेवर ठिपके. डॉक्टर आपसात हळू आवाजात बोलायला लागले. मग आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की रक्ताचा कॅन्सर नाही याची खात्री करून घ्यावी लागेल, हाडातला मगज तपासावा लागेल. बायको तिथेच बाकावर बसली. मी खाली जाऊन गाडी नीट लावली आहे का ते पाहून आलो. का गेलो, ते मलाही सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत याने काय खाल्लं ते सांगा. मग परवाचं सांगा."

सांगायला वेळ लागला नाही. दूध, दहीभात, कोरडी पोळी, मुरमुरे, एकाच कंपनीची बिस्किटं. परवाही तेच. गेले चार महिने तेच. सगळं पांढरं नाहीतर फिकट. चौथ्या वर्षापर्यंत तो वरण खायचा. एकदा त्यात सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं पान आलं, वरण बंद. बटाटा बंद, केळं बंद. दिवाळीपर्यंत लिंबाचं सरबत तेवढं प्यायचा. दिवाळीत एकदा बी तोंडात आली आणि त्या दिवसापासून तो ग्लाससुद्धा त्याने हातात घेतला नाही. वजन चांगलं, गाल भरलेले, त्यामुळे हे लेकरू कुपोषित असेल असं कोणाच्या मनात येणार?

डॉक्टरांनी मोबाइलच्या उजेडात नडगी पाहिली. ठिपके केसांच्या मुळांशी होते आणि केस स्प्रिंगसारखे वळलेले होते. डासांचे चावे नव्हते ते. गुडघ्याचा एक्स-रे झाला. हाडाच्या टोकाशी पांढरी रेघ होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनीही पाहिलं आणि मगजाची तपासणी थांबवली.

दादूला स्कर्व्ही झाला होता.

शाळेत वाचलेला शब्द, महिनोन्महिने जहाजावर राहणाऱ्या खलाशांचा. डॉक्टरांनी समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. क जीवनसत्त्व माणसाचं शरीर स्वतः बनवत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. ते पोटात जायचं थांबलं की साठा एक ते तीन महिन्यांत संपतो. शरीरातल्या पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजन मग नीट तयार होत नाही. बारीक रक्तवाहिन्या फुटायला लागतात. हिरड्यांत, त्वचेत, आणि हाडावरच्या आवरणाखाली. हाडावर असं रक्त साचलं की पाय टेकवणं सोडा, चादरीचा स्पर्शसुद्धा नको होतो. तापवलेल्या दुधात, भातात, पोळीत, दह्यात हे जीवनसत्त्व जवळपास नसतंच. मोजकंच खाणाऱ्या ऑटिझमच्या मुलांमध्ये स्कर्व्ही जगभर आढळलेला आहे, आणि आमच्यासारखेच अनेकजण आधी कॅन्सरच्या भीतीतून गेलेले आहेत.

जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने 1747 मध्ये बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले होते. त्यातल्या ज्या दोघांना संत्री आणि लिंबं दिली, तेच भराभर सुधारले. हे मी रात्री दवाखान्यात मोबाइलवर वाचत होतो आणि आमच्या व्हरांड्यात मृग बहाराच्या संत्र्यांचे दोन क्रेट ठेवलेले होते. भावाने काटोलहून पाठवलेले, आमच्याच झाडांचे. दादूला संत्र्याच्या सालीचा वास सहन होत नाही. साल सोलली की तो खोली सोडून जातो, म्हणून आम्ही संत्री बाहेरच खायचो. मी त्या रात्री खूप रडलो.

औषध साधं होतं, पोटात जाणं अवघड. केमिस्टकडची चघळायची गोळी नारिंगी रंगाची होती. ती बशीत दिसताच त्याने बशी भिरकावली. पांढरी गोळी शोधली, कुटून थंड दहीभातात कालवली. आंबटपणा दह्यात लपला. तिसऱ्या दिवशी त्याने आजीला पायाला हात लावू दिला. बाराव्या दिवशी भिंत धरून उभा राहिला.

थेरपी सेंटरच्या बाकावर मी हे सांगितलं, तेव्हा इतर आईबाप बोलायला लागले. एकीची मुलगी स्वतःच्या गालावर ठोसे मारायची. दोन महिने वर्तनाची थेरपी चालली, मग दाढेत पू निघाला. एकाचा मुलगा अंगणात ओणवा होऊन पोट कठड्यावर दाबायचा. त्याला आठवडा-आठवडा शी होत नव्हती. एक मुलगी मध्येच शून्यात बघायची. 'आपल्याच जगात असते' असं घरी म्हणायचे, ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढल्यावर कळलं की त्या फिट्स होत्या.

अशा पालकांनी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो. डॉक्टरांसमोर 'हा असं करतो' असं म्हणू नका. 'पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत असं करत नव्हता' असं म्हणा, आणि तारीख सांगा. मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात मूल घरच्यासारखं वागत नाही. चार दिवसांचं खाणं लिहून न्या, बिस्किटाच्या पुड्यासकट. आणि अंगावरचे कपडे काढून तपासा म्हणून हट्ट धरा. मला तेव्हा भीड वाटली होती.

आमच्याकडे आता एक वही आहे. रविवारी आंघोळीनंतर बायको त्यात लिहिते: हिरड्या, नडगी, पोट, कान, झोप, चाल. आईला विचारल्याशिवाय 'चाल'चा रकाना भरायचा नाही, असं ठरलंय.

आहाराच्या थेरपीत सध्या संत्र्याची एक सोललेली फाक वेगळ्या बशीत, त्याच्या ताटापासून हातभर लांब ठेवायची असते. खायला सांगायचं नाही. गेल्या आठवड्यात त्याने ती बोटाने ढकलून बहिणीच्या ताटात टाकली आणि बोट हुंगलं. तेवढ्यात विमानाचा आवाज आला आणि तो जिन्याकडे पळाला.