आराखड्याच्या समासातला जुलै

रोहा ते ठोकूर या कोकण रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले. पुढे त्यावरील एका ट्रॅक्शन उपकेंद्राला, म्हणजे गाड्यांच्या तारेला वीज पुरवणाऱ्या केंद्राला, सौर वीज आणि बॅटरी साठवणीची जोड देता येईल का, याचा प्राथमिक आराखडा करण्याचे काम रत्नागिरीत माझ्याकडे आले. पहिला मसुदा मी वर्षाच्या सरासरीवर बेतला. एका किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट धरली आणि दुपारची शिल्लक वीज रात्रीच्या गाड्यांना पुरवून टाकली. मसुदा परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता : ‘जुलै?’

प्रश्न रास्त होता. आठ-आठ दिवस ऊन न दिसणाऱ्या महिन्यात माझी बॅटरी भरणार कशाने, याचा मी विचारच केला नव्हता.

मग मी उपकेंद्रात जाऊन बसलो. तिथले ऑपरेटर काका म्हणाले, “साहेब, मीटर नंतर बघा, आधी ट्रान्सफॉर्मर ऐका.” मालगाडी चढाला लागली तशी घरघर जड झाली आणि आकडा 20 अँपिअरवरून 200 वर गेला. 25 किलोव्होल्टवर हा भार जवळजवळ 5 मेगावॉट होतो. काही मिनिटांत तो पुन्हा खाली आला. बॅटरीचे खरे काम या मिनिटांचे आहे, हे मला तिथे उमगले. शिखरभारातले 3 मेगावॉट 15 मिनिटे उचलायचे तर 750 युनिट लागतात. क्षमतेच्या 80 टक्केच वापरायची ठरवली, तर बॅटरी सुमारे 940 युनिटांची हवी. ती पावसाळ्यात ग्रिडवरूनही भरता येते. शिवाय उतारावर ब्रेक लावताना थ्री-फेज मोटरींचे विजेचे इंजिन तारेत वीज परत देते, पण एकेरी मार्गावर ती घेणारी दुसरी गाडी त्या विभागात असेलच असे नाही. तीही बॅटरीत घेता येते.

सौर वीज थेट 25 किलोव्होल्टच्या तारेत सोडण्याचा दाखला मध्य प्रदेशातील बीना येथील 1.7 मेगावॉटच्या प्रकल्पात होता, त्यामुळे या सिंगल-फेज तारेला सौर वीज कशी जोडायची यावर फार खल झाला नाही. जागेवर मात्र झाला. खाडीलगतचा सपाट तुकडा स्वस्त होता. पण खारा वारा आणि उधाणाचे पाणी पाहता मी वरचा जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, निवडला.

दुसऱ्या मसुद्यातला तक्ता जुलैपासून सुरू केला. तो परत आला नाही. फक्त बॅटरीचा कंटेनर थंड ठेवायला लागणारी वीज कुठे धरली आहे, अशी विचारणा आली. ती मी धरलीच नव्हती.