निरीक्षणवही : अॅपमधली फंक्शन्स आता बाहेरूनही चालतात

आकाशनिरीक्षणाच्या नोंदींचं माझं वेब अॅप आता एमसीपीवरून (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआय सहायकाला बाहेरच्या अॅपशी जोडायची ठरलेली पद्धत) जोडलंय. भाषा-मॉडेलवर चालणारा सहायक पडद्यावरची बटणं शोधत बसत नाही, अॅपमधलं फंक्शन थेट कॉल करतो.

सांगाडा लवकर उभा राहिला. संदेश जेसन-आरपीसी २.० चे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधलं फंक्शन कॉल करण्याच्या ठरलेल्या साच्यातले. क्लायंट, म्हणजे सहायकाची बाजू, 'टूल्स/लिस्ट'ने टूल्सची (बाहेरून कॉल करता येणाऱ्या फंक्शन्सची) यादी मागतो, मग 'टूल्स/कॉल'मध्ये नाव आणि आर्ग्युमेंट्स पाठवतो. सर्व्हर ती जुन्याच फंक्शनकडे सोपवतो. स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून जोडणार असाल तर लॉग स्टँडर्ड एररवरच जाऊ द्या. आउटपुटमध्ये संदेशाखेरीज काहीही चालत नाही.

वेळ खाल्ला तो इनपुट स्कीमाने (टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याच्या वर्णनाने), आणि मला हाच भाग सगळ्यात आवडला. 'नोंद शोधा'ला वस्तूचं नाव लागतं. आता एम ३१, एनजीसी २२४ आणि देवयानी दीर्घिका ही एकच वस्तू. फॉर्ममध्ये ड्रॉपडाउन होता, त्यामुळे हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. बाहेरून येणाऱ्या कॉलला ड्रॉपडाउन कुठला! म्हणून सगळी नावं सर्व्हरवर एका क्रमांकाशी जुळवली आणि कोणतंही नाव चालेल असं टूलच्या वर्णनात लिहिलं. तारखेचा घोळ याहून मोठा. मध्यरात्रीनंतरचं निरीक्षण कोणत्या रात्रीचं? शेवटी दोन फील्ड केली: आयएसओ ८६०१ मधली वेळ, यूटीसीपासूनच्या फरकासह, आणि ती रात्र ज्या संध्याकाळी सुरू झाली ती तारीख.

एररचा मजकूर मन लावून लिहा. कुणी एम ११५, म्हणजे मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीत नसलेला क्रमांक, मागितलं तर नुसतं 'अवैध' म्हणून भागत नाही. मी निकालातली 'इझएरर' ही चुकीची खूण ट्रू करून निकालातच सांगतो, 'मेसिएच्या यादीत एम १ ते एम ११० आहेत.' मॉडेल ते वाचतं आणि पुढचा कॉल बहुतेक वेळा सुधारून करतं. अशी चूक प्रोटोकॉल एरर म्हणून पाठवली तर ती मॉडेलपर्यंत पोचेलच याची खात्री नाही.

नोंद पुसण्याच्या टूलला 'डिस्ट्रक्टिव्हहिंट' (हे टूल माहिती नष्ट करू शकतं असा इशारा) लावलाय, पण ती फक्त सूचना. क्लायंट पाळेलच असं नाही. म्हणून बाहेरून आलेला कॉल नोंदीवर फक्त खूण करतो, ती कायमची पुसायची तर अॅपमध्येच जावं लागतं.

पुढचं काम एचटीटीपी जोडणीचं. तिथे सर्वांत आधी ओरिजिन हेडरची (विनंती कोणत्या संकेतस्थळावरून आली ते सांगणाऱ्या ओळीची) तपासणी बसवणार, नाहीतर डीएनएस रीबाइंडिंगने (संकेतस्थळाचं नाव मागाहून लोकल पत्त्याकडे वळवण्याच्या युक्तीने) भलतंच संकेतस्थळ लोकल सर्व्हरपर्यंत पोचू शकतं.