आजोबांच्या डब्यातली नाणी
आज सकाळी सदाशिव पेठेतल्या जुन्या घरातून आणलेला आजोबांचा पत्र्याचा डबा उघडला, तेव्हा त्यात १८६२ साल कोरलेला व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया आणि पाच शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, निघाल्या. लहानपणी मी अशीच एक शिवराई चिंच आणि राखेने घासली होती. ती चकचकीत झाली, पण ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे पुसट झाली, आणि त्याची खंत मला आजही आहे. चिंचेतले आम्ल तांब्यावरचा काळसर थर विरघळवते आणि राख धातूच ओरखडते. वास्तविक तो थर म्हणजे मळ नव्हे. शतकांच्या काळात धातूवर तयार झालेले ते आवरण आहे आणि संग्राहक नाण्याची पारख करताना तेच आधी पाहतात.

म्हणून आज नाणी केवळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवली, सुटलेली धूळ निघू दिली आणि न घासता, मऊ सुती कापडाने टिपून घेतली. रुपया पीव्हीसीच्या (एक प्रकारचे प्लास्टिक) पाकिटात राहिल्याने त्यावर हिरवट चिकट थर आला होता. त्यासाठी खिडक्या उघडून, गॅसपासून दूर, काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन वापरले. ते चिकटपणा काढते, चांदीला धक्का लावत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चालत नाही, कारण त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात.

पुण्याच्या पावसाळी दमटपणाचा विचार करून आता नाणी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहेत. राणीच्या मुकुटाखालची काळसर छटा तशीच राहू दिली आहे.